वजनाला जखडण्याची विद्या

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाबाला खंबीर, ताणाला कच्चे. टनावारी भार मुकाट पेलणारा भाग एकदा आदळला की कानापाशी किंवा फ्लँजपाशी चिरतो, आणि ती बारीक चीर पुष्कळदा यंत्र सुरू झाल्यावरच कळते. कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे इथून परदेशी जाणाऱ्या अशा भागांची बांधणी पाऊणशे वर्षांत फार बदलली.

सुट्या मालाच्या जहाजांच्या काळात पेटी लॉरीतून धक्क्यावर, तिथून क्रेनच्या दोरात आणि मग जहाजाच्या पोटात जाई. दर टप्प्याला उचल-आपट. उपाय म्हणून जाड फळ्यांच्या पेटीत पेंढा किंवा भुसा ठासत. काचसामानाला तो पुरे. जड बिडाखाली मात्र पेंढा दबतो, पोकळी पडते, भाग हलू लागतो. शिवाय पेंढा ओल धरतो आणि मशिनिंग केलेल्या पृष्ठभागावर गंज चढतो.

मग कंटेनर आले. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकी वाहतूकदार माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. कंटेनरमुळे हाताळणी घटली, पण ओलाव्याचा धोका राहिला. बंद कंटेनर दिवसा तापतो, रात्री निवतो. आतले बाष्प छताला धरून मालावर ठिबकते. म्हणून ग्रीसच्या जोडीला गंजरोधक व्हीसीआय कागद, हवाबंद पिशवी आणि सिलिका जेल आले.

पुढे लाकडाचीच झडती सुरू झाली. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला. तो मालाच्या लाकडी बांधणीतून आल्याचे मानले जाते. अशी कीड रोखायला २००२ मध्ये ‘आयएसपीएम १५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवायचे किंवा मान्य धुरी द्यायची, आणि गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बळाचा हिशेब. कंटेनर आणि मालवाहू वाहने भरण्याच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय सीटीयू संहितेनुसार रस्त्यावर पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, तर बाजूंना ०.५ पट जोर धरतात. म्हणजे एक टनाचा भाग करकचून ब्रेक लागताच ८०० किलोच्या जोराने पुढची फळी रेटू शकतो. तो फक्त मऊ गादीवर ठेवून भागत नाही. पेटीच्या लाकडी तळाला, म्हणजे स्किडला, बोल्टने आवळावा, चारी बाजूंनी ठोकळे-पाचरी द्याव्यात, नाजूक कानांवर भार येऊ देऊ नये, गुरुत्वमध्य आणि उचलण्याच्या जागा पेटीवर ठळक रंगवाव्यात. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवणे सक्तीचे झाले, तेव्हा वजनाचा अंदाजपंचे कारभारही संपायला लागला.

तरीही अनेक ठिकाणी पेटीचा विचार माल तयार झाल्यावर, गाडी दारात उभी असताना होतो. भागाच्या ड्रॉइंगसोबतच त्याच्या पेटीचे ड्रॉइंग व्हावे आणि त्या चर्चेला पेटी ठोकणाऱ्या सुतारालाही बसवावे. ओतकाम करणाऱ्याची आणि टर्नरची मेहनत ग्राहकाच्या दारी धड पोहोचते की नाही, हे या सुताराच्या हातात असते.