दुवा आणि दार

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा लसीकरण किंवा बालदमा अशा विषयावर मी काही लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र संगणकावरील एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीविषयी लिहिणार आहे. आंतरजालावरील एखाद्या दुव्यावर, म्हणजे लिंकवर, आपण क्लिक करतो तेव्हा पलीकडची फाइल कोणत्या प्रोग्राममध्ये उघडते, हे कोण ठरवते? आणि ती आपल्याला हव्या त्याच प्रोग्राममध्ये उघडावी यासाठी काय करावे लागते? संगणकशास्त्रात माझा अधिकार शून्य आहे. पण या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे एका रात्री माझी पस्तीस मिनिटे वाया गेली, आणि ती मिनिटे माझी नव्हती, एका अडीच वर्षांच्या बालकाची होती. म्हणून हे लिहिण्याचे धाडस.

ती रात्र

२०१९ च्या डिसेंबरातील गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास निवासी डॉक्टरांचा फोन आला. आजीच्या बटव्यातील सुटे पैसे पलंगावर सांडले होते. नातवाने त्यातले एखादे गिळले असावे, असा घरच्यांचा तर्क होता. मुलाला एक उलटी झाली होती, पण आता तो शांत होता. लाळ गळत नव्हती, श्वास नीट चालला होता.

"सर, अन्ननलिकेच्या वरच्या भागात नाणं दिसतंय. मुलगा स्थिर आहे. एंडोस्कोपी सकाळच्या यादीत घेऊ का?"

एक्स-रे शहरातील एका तपासणी केंद्रात काढलेला होता आणि केंद्राने दुवा पाठवला होता. घरच्या संगणकावर मी तो उघडला. ब्राउझरमध्ये एक लहानसे चित्र आले : छातीच्या वरच्या भागात एक पांढरीशुभ्र, एकसारखी तबकडी. नाणेच म्हणावे अशी. मात्र ते चित्र इतके भगभगीत होते की मणक्यांच्या कडाही उमटल्या नव्हत्या. बाजूने घेतलेली फिल्म नव्हती. नाणे आणि बटण-बॅटरी यांतला भेद ज्या बारकाव्यावर ठरतो, तो बारकावा त्या चित्रात दिसणेच शक्य नव्हते.

पानावर खाली 'मूळ प्रतिमा' असा दुसरा दुवा होता. तो दाबला, फाइल उतरली. तिच्यावर दोनदा क्लिक केले आणि नोटपॅड उघडले! पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे आणि अगम्य अक्षरांचा चिखल. त्या चिखलात बालकाचे नाव आणि तारीख तेवढी वाचता येत होती. फाइल बिघडली असे समजून मी ती पुन्हा उतरवली, मग पुन्हा एकदा. केंद्राला फोन लावला, तो कोणी उचलला नाही. अखेरीस संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या भाच्याला उठवले.

"मामा, फाइल चांगली आहे. ती चुकीच्या हाती गेलीय. नोटपॅडला एक्स-रे काय कळणार? मी दिवाळीत तुमच्या संगणकावर डायकॉम व्ह्यूअर बसवला होता ना, त्यात उघडा."

त्याने सांगितल्याप्रमाणे उजवे क्लिक करून, 'ओपन विथ' निवडून, मी ती फाइल व्ह्यूअरमध्ये उघडली. माउस दाबून सरकवत प्रतिमेची उजळणी कमी करत गेलो. तबकडीचा भगभगीतपणा ओसरला आणि कडेच्या आत दुसरी कड उमटली. वर्तुळाच्या आत वर्तुळ. ते नाणे नव्हते.

वाचकांतील जे डॉक्टर नाहीत, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. नाणे अन्ननलिकेत अडकले आणि मूल स्थिर असेल तर काही तास थांबता येते. बटण-बॅटरी अडकली तर थांबता येत नाही. ओलसर अस्तराला चिकटताच तिच्यातून प्रवाह वाहू लागतो, ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आतच अस्तर भाजू लागते. बॅटरी फुटावी किंवा गळावी लागत नाही. सुमारे २० मिलिमीटर व्यासाच्या, ३ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या लहान मुलांत सर्वांत घातक ठरतात. अन्ननलिकेला छिद्र पडणे, श्वासनलिकेशी नवा मार्ग तयार होणे, क्वचित महारोहिणीतून रक्तस्राव होणे, इथपर्यंत मजल जाते.

एंडोस्कोपी करणारे सहकारी त्याच रात्री धावून आले. बॅटरी निघाली. अस्तर एका बाजूने काळवंडले होते, पण छिद्र नव्हते. ती बॅटरी एका खेळण्याच्या रिमोटमधली निघाली. आजीचा बटवा निर्दोष ठरला.

दुव्याचा प्रवास

नंतर एका रविवारी भाच्याने मला हा सारा व्यवहार समजावून दिला. तो आपल्या परिभाषेत मांडतो, कारण रुग्णाला संदर्भ-चिठ्ठी देऊन दुसरीकडे पाठवण्याशी त्याचे विलक्षण साम्य आहे.

पहिला टप्पा सर्व्हरचा. फाइल पाठवताना सर्व्हर तिच्यासोबत 'ही वस्तू कोणत्या प्रकारची आहे' अशी चिठ्ठी जोडतो. ही पद्धत १९९२ मध्ये ई-मेलसाठी निघाली. तिला 'माइम' म्हणतात. पीडीएफसाठी एक नाव, जेपेग चित्रासाठी दुसरे, आणि डायकॉम प्रतिमेसाठी २००२ पासून 'अ‍ॅप्लिकेशन/डायकॉम' हे नाव ठरलेले आहे. पण कित्येक सर्व्हर आळसाने 'ऑक्टेट-स्ट्रीम', म्हणजे 'काही तरी बाइट्स आहेत', एवढेच लिहून मोकळे होतात. निदानाच्या रकान्यात 'रुग्ण आजारी आहे' असे लिहावे, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा टप्पा ब्राउझरचा. तो बाह्यरुग्ण विभागातील खिडकीसारखा आहे. जे त्याला स्वतःला दाखवता येते ते तो दाखवतो. बाकीचे डाउनलोडच्या कप्प्यात ठेवतो किंवा संगणकाच्या हवाली करतो.

तिसरा टप्पा संगणकाच्या मूळ प्रणालीचा. विंडोजपाशी एक यादी असते : कोणत्या शेपटीची फाइल कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची. शेपटी म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे. डायकॉमची शेपटी बहुधा 'डीसीएम' असते. ही यादी विभागाच्या भिंतीवरील ड्यूटीच्या तक्त्यासारखी आहे. तक्त्यावर चुकीचे नाव असेल तर रुग्ण चुकीच्या डॉक्टरकडेच जाणार. माझ्या तक्त्यावर पूर्वी केव्हातरी मीच अनवधानाने नोटपॅडचे नाव लिहून ठेवले होते. दोष सर्वस्वी माझा होता.

ब्राउझरमधले लहान चित्र अपुरे का पडले, हेही सांगायला हवे. साध्या जेपेग चित्रात करड्या रंगाच्या २५६ छटा मावतात. डिजिटल एक्स-रेच्या १२ बिटांच्या मूळ प्रतिमेत ४०९६ असतात. तबकडीच्या कडेचा फरक नेमका वरच्या छटांत दडलेला होता, आणि चित्र बनवताना त्या सर्व 'पांढरा' या एकाच नावाखाली मिटून गेल्या होत्या.

आपण काय करावे?

उपाय दोन मिनिटांचा आहे. विंडोजमध्ये उतरवलेल्या फाइलवर उजवे क्लिक करावे, 'ओपन विथ' मधून दुसरा प्रोग्राम निवडावा आणि 'नेहमी' हा पर्याय स्वीकारावा. मॅक संगणकावर 'गेट इन्फो' उघडून प्रोग्राम बदलावा आणि 'चेंज ऑल' दाबावे. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक प्रकारच्या फाइलचे काय करायचे याची स्वतंत्र यादी असते. तेथेही आपला व्ह्यूअर नेमता येतो. सीडीवरून आलेल्या डायकॉम फाइलींना कित्येकदा शेपटीच नसते. अशा वेळी आधी व्ह्यूअर उघडून त्यातून सबंध फोल्डर उघडावा.

याहून नेटका एक मार्ग आहे. 'मेलटू' ने सुरू होणारा दुवा दाबला की पत्राचा प्रोग्राम उघडतो, हे आपण पाहिले असेल. तेथे दुव्याचे पहिले अक्षरसमूहच प्रोग्रामला हाक मारतात. तशीच हाक इतर प्रोग्रामही स्वतःसाठी नोंदवू शकतात. वेआसिस, रेडियंट, ओसिरिक्स या डायकॉम व्ह्यूअरांनी अशा हाका घेतलेल्या आहेत. विंडोजच्या रजिस्ट्रीत त्या हाकेच्या नावाची नोंद होते आणि तिच्याखाली 'ही हाक आली की अमुक प्रोग्राम सुरू करा व दुवा त्याच्या हाती द्या' अशी आज्ञा लिहिली जाते. रुग्णालयाच्या पानावरील दुवा दाबला की व्ह्यूअर थेट उघडतो आणि प्रतिमा स्वतः मागवून घेतो.

पूर्वी हे काम ब्राउझरच्या पोटात बसवलेले जोडप्रोग्राम करीत. क्रोमने ती जुनी पद्धत २०१५ मध्ये बंद केली, फायरफॉक्सने फ्लॅशचा अपवाद ठेवून २०१७ मध्ये, आणि जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररही निवृत्त झाला. आता मूळ प्रतिमा पूर्ण छटांसह ब्राउझरमध्येच दाखवणारे व्ह्यूअरही निघाले आहेत. आपले केंद्र कोणती सोय देते हे दिवसाउजेडी विचारून ठेवावे.

कडी काढण्यापूर्वी

दार सहज उघडू लागले की चोरालाही ते सहज उघडते. २०२२ च्या मे महिन्यात 'फोलिना' नावाची त्रुटी उघडकीस आली. विंडोजच्या दुरुस्ती-साहाय्यकासाठी नोंदवलेल्या अशाच एका हाकेचा वापर करून, वर्डच्या फाइलमधून संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. म्हणून 'हा प्रोग्राम उघडू का?' असे ब्राउझर विचारतो तेव्हा वैतागू नये. ओळखीच्या केंद्राचा दुवा असेल तरच होकार द्यावा. विंडोज शेपट्या लपवून ठेवते. त्या दाखवण्याची सोय सुरू करावी, म्हणजे अहवालाचे नाव धारण करून आलेला प्रोग्राम ओळखता येईल.

आणि त्या चिखलातही मला बालकाचे नाव वाचता आले होते, हे विसरू नये. डायकॉम फाइलीत रुग्णाची ओळख लिहिलेली असते. डाउनलोडच्या कप्प्यात अशा शेकडो फाइली साठवणे म्हणजे केसपेपर व्हरांड्यात पसरून ठेवणे होय. काम झाले की त्या पुसाव्यात.

त्या रात्रीने मला वैद्यकाचाही एक धडा दिला. बालकाच्या अन्ननलिकेत गोल धातू दिसला तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती बॅटरीच मानावी, आणि बाजूची फिल्म मागावी. चित्र उघडेना म्हणून निर्णय थांबवण्याचे कारण नव्हते. संगणकाशी झुंजत असतानाच मी एंडोस्कोपीची तयारी सुरू करायला सांगायला हवी होती. ते मी केले नाही, हे येथे नमूद करतो.

तो मुलगा आता शाळेत जातो. दरवर्षी संक्रांतीला आजी तिळगूळ घेऊन येतात आणि निघताना डोक्यावर हात ठेवून दुवा देतात. दुवा या शब्दाचे दोन्ही अर्थ मला त्या कुटुंबाने शिकवले. व्यवसायबंधूंनी आणि भगिनींनी आज घरी गेल्यावर आपल्या संगणकावर एक डायकॉम फाइल उघडून पाहावी, एवढीच विनंती. ती कोठे उघडते, हे रात्री साडेनऊला कळण्यापेक्षा आजच कळलेले बरे.