मंगळवारी न छापणारा प्रिंटर

छपाईची आज्ञा द्यावी आणि प्रिंटरने प्रश्नपत्रिकेऐवजी भलतेच काही छापावे, असा प्रकार पुष्कळांनी पाहिला असेल. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात टक्क्याचे चिन्ह, त्याला लागून उद्गारचिन्ह, पुढे इंग्रजी 'पी' आणि 'एस' ही अक्षरे. मग आकडे, कंस आणि अर्थहीन वाटणाऱ्या शब्दांच्या ओळी. असे एक पान, दुसरे पान, कागद संपेपर्यंत. यंत्र बिघडले असे म्हणून आपण त्याची कळ बंद करतो. वास्तविक यंत्र अगदी ठीक असते. त्याला न समजणाऱ्या भाषेत सूचना आल्या आणि त्याने त्या मजकूर समजून इमानाने छापल्या, एवढेच घडलेले असते.

ही भाषा कोणती आणि ती प्रिंटरला समजेल अशी कोण करून सांगतो, हे कळले म्हणजे लिनक्ससारख्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रिंटर जोडणे हे काम मंत्रतंत्राचे राहत नाही. 'मुक्त' म्हणजे जिच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि दुसऱ्याला देता येतो अशी. उबुंटू, डेबियन ही नावे तुम्ही ऐकली असतील. ती लिनक्सचीच रूपे.

आधी थोडे गणित करू. ए-४ आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. साधा लेझर प्रिंटर एका इंचात ६०० ठिपके देतो. म्हणजे कागदाच्या रुंदीत सुमारे ४,९६० आणि उंचीत सुमारे ७,०१६ ठिपके बसतात. गुणाकार करून पाहा: एका पानावर जवळजवळ ३ कोटी ४८ लाख ठिपक्यांच्या जागा! प्रत्येक जागी काळे की पांढरे, एवढेच सांगायचे म्हटले तरी सुमारे ४३ लाख ५० हजार बाइट लागतात. याउलट त्याच पानावरील १,५०० मराठी अक्षरचिन्हे संगणकात साठवायला प्रत्येकी ३ बाइट धरून साडेचार हजार बाइट पुरतात. मजकूर आणि त्याचे ठिपके यांत असा हजारपटीच्या आसपास फरक आहे. हे ठिपके कोणी काढायचे, संगणकाने की प्रिंटरने, या प्रश्नाभोवतीच छपाईचे सारे तंत्र फिरते.

जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये रोमन अक्षरांचे आकार आतच साठवलेले असत. संगणकाने अक्षराचा क्रमांक पाठवला की प्रिंटर आपल्या संग्रहातून आकार काढून उमटवी. देवनागरीला ही युक्ती अपुरी पडते. आपली अक्षरे एकमेकांना जोडून नवे आकार घेतात. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द पाहा. तेच 'र', तेच 'य', पण एकीकडे रफार आणि दुसरीकडे अर्धा र. आकार चुकला तर गुरुजींचा स्वयंपाकी व्हायचा! म्हणून हा आकार संगणकातच ठरवला जातो आणि प्रिंटरकडे जाते ते अक्षर नव्हे, तर त्याचे चित्र. प्रिंटरला मराठी येत नसले तरी काही बिघडत नाही, ते यामुळेच.

पानाचे वर्णन करण्यासाठी १९८४ साली अडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा पुढे आणली. आरंभी सांगितलेल्या टक्क्याच्या ओळी तिच्याच. या भाषेत ठिपके नसतात. 'अमुक ठिकाणी जा, तमुक ठिकाणापर्यंत रेघ ओढ, हा आकार काळा भर' अशा सूचना असतात. सूचना वाचून ठिपके काढणारा छोटा संगणक प्रिंटरमध्येच बसवलेला असे. साहजिकच असे प्रिंटर महाग पडत. १९८८ मध्ये एल. पीटर डॉइच यांनी 'घोस्टस्क्रिप्ट' ही आज्ञावली उपलब्ध करून दिली. ती हेच काम आपल्या टेबलावरील संगणकात करते, आणि त्यामुळे पोस्टस्क्रिप्ट न जाणणाऱ्या स्वस्त प्रिंटरवरही ते पान उमटवता येऊ लागले.

लिनक्सवर या सर्व कामांचा मुकादम म्हणजे 'कप्स' ही आज्ञावली. मायकेल स्वीट यांनी ती तयार केली आणि १९९९ मध्ये ती प्रथम सर्वांसाठी खुली झाली. आपण छापायला दिलेली कामे ती रांगेत लावते. प्रत्येक काम मग एकामागून एक गाळण्यांतून जाते. पहिली गाळणी फाइल कोणत्या प्रकारची आहे ते पाहून तिचे पीडीएफमध्ये रूपांतर करते, पुढची पाने लावते, त्यापुढची ठिपके काढते आणि शेवटची ते ठिपके त्या विशिष्ट प्रिंटरच्या भाषेत घालते. या शेवटच्या दुभाष्यालाच आपण ड्रायव्हर म्हणतो.

आता प्रत्यक्ष जोडणी. प्रिंटर गेल्या काही वर्षांतला असेल तर काम फारच थोडे. तारेने अथवा वायफायने जोडलेला असा प्रिंटर स्वतःच पुकारा करतो, की मी अमुक नावाचा, मला या या भाषा कळतात, माझ्यात ए-४ कागद आहे. कप्स हा पुकारा ऐकते आणि प्रिंटरशी ठरलेल्या एकाच पद्धतीने बोलते. वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर' हा भाग उघडावा, तेथे नाव दिसते. चाचणीचे पान छापून पाहावे, झाले.

जुन्या प्रिंटरची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी वेब ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत इंग्रजीत 'लोकलहोस्ट' असे लिहून, पुढे अपूर्णविराम देऊन ६३१ हा आकडा टाकावा. इंटरनेट नसले तरी कप्सचे स्वतःचे पान उघडते, कारण ते आपल्याच संगणकात असते. ६३१ हा छपाईच्या संभाषणासाठी राखून ठेवलेला दरवाजा आहे असे समजा. तेथे प्रिंटर जोडताना कंपनी आणि नमुना निवडायचा असतो. याच जागी चुकीचा नमुना निवडला गेला, म्हणजे चुकीचा दुभाषी नेमला गेला, की आपण सुरुवातीला पाहिलेल्या निरर्थक पानांची पाळी येते. कागदाचा आकारही येथेच तपासावा. अमेरिकेतला 'लेटर' कागद साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच, म्हणजे ए-४ हून रुंद पण बुटका. तो निवडलेला राहिला तर समास बिघडतात, किंवा प्रिंटर दिवा लुकलुकवत कागदाची वाट पाहत बसतो.

आपल्याकडे कार्यालयांतून पुष्कळ दिसणारा एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर याबाबतीत मोठा बोधक आहे. त्याला चालवणारी आज्ञावली त्याच्या स्मृतीत कायमची नसतेच. वीज बंद झाली की तो सारे विसरतो आणि पुन्हा चालू केल्यावर संगणकाने ती त्याला नव्याने पाठवावी लागते. लिनक्समध्ये एचपीचा संच घालून 'एचपी-सेटअप' ही आज्ञा दिली की ती आज्ञावली उतरवून घेण्याची परवानगी विचारली जाते. येथे 'नको' म्हणणाऱ्याचा प्रिंटर यादीत दिसतो, काम रांगेत जाते, पण कागद हलत नाही. तो जोडपदार्थ मात्र मुक्त नाही. साखळीतला एक दुवा बंद पेटीत राहतो.

दुवे इतके असल्यावर दोष कोठे लपेल याचा नेम नाही. २००९ सालची एक हकिकत ऐका. उबुंटू वापरणाऱ्या एका गृहस्थाच्या पत्नीची तक्रार होती, की ओपनऑफिसमधून मंगळवारी काहीच छापले जात नाही. इतर वारी छापले जाते. इतर आज्ञावल्यांतून मंगळवारीही छापले जाते. कोणीही हसेल! पण तपासल्यावर तक्रार अक्षरशः खरी निघाली.

ओपनऑफिस पोस्टस्क्रिप्ट तयार करताना आरंभी फाइल केव्हा बनली ते लिहीत असे, आणि त्यात वाराची इंग्रजी तीन अक्षरे येत. पुढे ड्रायव्हरच्या दुव्यात 'फाइल' नावाची एक छोटी आज्ञावली विचारली जाई, की ही वस्तू कोणत्या जातीची? ही आज्ञावली ठरावीक जागी ठरावीक खूण आहे का ते पाहून जात सांगते. तिच्या खुणांच्या यादीत अर्लांग या संगणकभाषेच्या एका फाइलसाठी २२ जानेवारी १९९१ ही पूर्ण तारीख वेळेसह दिलेली होती. तो दिवस होता मंगळवार. यादीत मोकळी जागा आली की खूण संपली असे धरले जाते. तारखेतल्या मोकळ्या जागांपूर्वी लागणारे खास चिन्ह द्यायचे राहून गेले होते. त्यामुळे पूर्ण तारखेऐवजी 'मंगळ' एवढीच खूण उरली! मंगळवारी बनलेल्या पोस्टस्क्रिप्ट फाइलीत नेमक्या त्या जागी हीच तीन अक्षरे पडत आणि ती अर्लांगची ठरून छपाईतून बाद होई. फाइलीतला वार बदलला की तीच फाइल बिनतक्रार छापली जाई.

एका घरातली तक्रार, आणि दोष सापडला तो छपाईशी ज्याचा दूरचाही संबंध नाही अशा यादीतल्या काही मोकळ्या जागांत. प्रत्येक दुव्याचा मूळ मजकूर वाचता येत होता, म्हणूनच हा माग तेथवर काढता आला. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांना उलटा अनुभव आला होता. कागद अडकला की सर्वांना संगणकावर कळवण्याची सोय त्यांनी जुन्या प्रिंटरला केली होती. झेरॉक्सच्या नव्या लेझर प्रिंटरची मूळ आज्ञावली मात्र त्यांना मिळेना. ज्याच्याजवळ ती होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवले. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलींचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ही सलही होती. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे या दोहोंची सांगड बसली.

मूळ मजकूर उघडा असला म्हणजे दोष नसतातच असे मात्र नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या जोडीला चालणाऱ्या एका आज्ञावलीतील गंभीर त्रुटी उघडकीस आली. ती त्याच ६३१ क्रमांकाच्या दरवाजावर कोणाचाही पुकारा ऐकून घेत असे, मग तो खोट्या प्रिंटरचा का असेना. अशा प्रिंटरवर छपाईचे काम पाठवले की संगणकावर परक्या आज्ञा चालवता येत होत्या. सुधारणा लवकरच आल्या, परंतु त्या आपल्या संगणकावर घेतल्या आहेत की नाहीत हे शाळेच्या प्रयोगशाळेतील शिक्षकांनाच पाहावे लागते.

एक प्रयोग वर्गात सहज करता येईल, आणि त्याला प्रिंटरही नको. लिनक्सच्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये आपले नाव लिहा. छपाईची आज्ञा देऊन प्रिंटरऐवजी 'फाइलमध्ये छापा' हा पर्याय निवडा आणि पीडीएफऐवजी पोस्टस्क्रिप्ट घ्या. तयार झालेली फाइल त्याच एडिटरमध्ये उघडा. पहिल्या ओळीत टक्क्याचे आणि उद्गाराचे चिन्ह भेटेल. त्याखाली दोन-चार ओळींत फाइल बनल्याची तारीख आणि वार. तुमचे नाव मात्र अक्षरांत शोधून सापडणे अवघड. ते कोठे गेले असेल, ते आकड्यांच्या त्या जंगलात हिंडून पाहा.