अंबाडीचा ठेचा, पाथरीचा घोळाणा

पाला, तेलबी, लसूण, मिरची, मीठ आणि तेल एवढ्या सामानावर लातूर-नांदेडकडच्या पालेचटण्या होतात. इटलीतल्या जेनोवा शहराचा पेस्टो याच कुळातला. तिथे बेसिलची पाने, पाइनच्या बिया, लसूण, चीज आणि ऑलिव्हचे तेल संगमरवरी खलात कुटतात. मराठवाड्यात पाला रानातून किंवा बांधावरून येतो, तेलबी म्हणून शेंगदाणे किंवा तीळ पडतात आणि तेल पूर्वी बहुधा करडईचे असे. पाला विस्तवावर घ्यायचा की कच्चाच खायचा, हे त्याच्या गुणावर ठरते. अंबाडी आणि पाथरी ही या रीतीची दोन टोके आहेत.

अंबाडी पावसाळ्यात तूर-ज्वारीच्या कडेने किंवा धुऱ्यावर पेरतात. पूर्वी ती भाजीइतकीच वाखासाठीही लावत. फोक पाण्यात कुजवून निघालेल्या वाखाचे कासरे आणि दावी वळली जात. नायलॉनचे दोर आल्यावर हा पेरा आटला. ठेच्यासाठी शेंड्याकडची कोवळी पाने खुडतात. दिवस लहान होऊ लागले की झाड फुलावर येते आणि पाला निबर होतो, म्हणून खुडणी त्याआधी उरकावी लागते. काही जातींच्या देठांवर बारीक काटे असतात. ते घशाला टोचू नयेत म्हणून देठ काढून फक्त पान घेतात.

पाने धुऊन निथळू देतात, कारण ओला पाला तव्यावर भाजण्याऐवजी शिजतो. आधी हिरव्या मिरच्या तेलावर डाग पडेपर्यंत परततात, मग पाला टाकतात. पाला चटकन बसतो आणि त्याचा हिरवा रंग डोळ्यांदेखत जाऊन तो खाकी होतो. पानातले आम्ल उष्णतेने मोकळे होऊन हरितद्रव्यातले मॅग्नेशियम बाहेर काढते, त्याचा हा परिणाम. पाणी आटून पाला गोळा होऊ लागला की तो लगेच उतरवतात. आंबट पाला लोखंडात राहिला तर काळवंडतो आणि कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो.

उखळात किंवा खलबत्त्यात सामान क्रमाने पडते. आधी लसूण, मिरच्या आणि खडे मीठ घेतात. मिठाच्या खड्यांमुळे लसूण लवकर ठेचला जातो. मग भाजून सोललेले शेंगदाणे कुटतात, पण भरड ठेवतात. पाला सर्वांत शेवटी येतो. तो आधी घातला तर त्याच्या ओलाव्याने दाणे निसटतात आणि नीट फुटत नाहीत. मिक्सरमध्ये सगळ्याचा एकजीव लगदा होतो. ठेच्यात मात्र दाण्याचा कण दाताखाली यायला हवा. अंबाडीचा आंबटपणा तीव्र असतो, त्याला शेंगदाण्याचा स्निग्धपणा आवरतो. लिंबू किंवा चिंच लागत नाही.

नांदेडमधल्या देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांना तेलंगणाची हद्द लागते. 1948 पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानात होता. पलीकडे गोंगुरा पच्चडी होते तीही अंबाडीचीच, वर मोहरी, मेथीदाणे आणि सुक्या मिरचीची फोडणी. लातूरच्या उदगीर-देवणीपलीकडे, कर्नाटकात, हाच पाला पुंडी म्हणून ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात.

पाथरी कोणी पेरत नाही. रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यात ती आपोआप उगवते. पाने मुळापासून निघून जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात, कडा दातेरी असतात आणि पान मोडले की पांढरा चीक येतो. ओळखताना ही सगळी लक्षणे एकत्र पाहावी लागतात. काँग्रेस गवताचे रोपही लहानपणी जमिनीलगत पसरते, पण त्याला चीक नसतो आणि पाने खोलवर चिरलेली असतात. दुधी नावाच्या तणाच्या जातींना चीक असतो, पण त्यांची पाने खोडावर जोडीने येतात. पिवळ्या फुलाचा दांडा वर आल्यावर पाथरी कडू लागते, म्हणून त्याआधीची पाने खुरप्याने मुळाजवळून काढतात.

घोळाण्यासाठी पाथरीला विस्तव दाखवत नाहीत. माती राहू नये म्हणून पाने दोन-तीन पाण्यांतून काढतात, बारीक चिरतात आणि त्यांत कांदा, शेंगदाण्याचा कूट, लाल तिखट व कच्चे तेल हाताने कालवतात. मीठ भाकरी ताटात आल्यावरच घालतात, कारण मीठ लागताच पाला पाणी सोडतो. तेल आणि कूट पानाला लपेटून बसले की कडसरपणा मऊ होतो. हाच घोळाणा मेथीचा किंवा करडईच्या कोवळ्या पानांचाही करतात.

घोळाणा त्याच जेवणात संपवावा लागतो. अंबाडीचा ठेचा आम्लामुळे आणि तेलामुळे थोडा अधिक टिकतो. पाणी पूर्ण आटलेले असेल आणि कोरडा चमचा वापरला तर आणखी. अंबाडीत ऑक्सॅलिक आम्ल असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती बेताने खावी.

या पाल्यांचे भवितव्य खुरपणीशी बांधलेले आहे. बाई हाताने खुरपते तेव्हा तण आणि भाजी वेगळी काढते. तणनाशकाला हा भेद कळत नाही. सोयाबीनच्या विस्तृत रानात आता फवारणी नेहमीची झाली आहे. फवारलेल्या रानातला किंवा वाहत्या रस्त्याकडेचा पाला खाण्यासाठी खुडू नये. ज्यांची शेती आहे त्यांनी एक धुरा फवारणीतून वगळावा, त्यावर मूठभर अंबाडी टाकावी आणि पाथरीला जागा ठेवावी. ठेचा आणि घोळाणा घरात टिकायला एवढे पुरेसे आहे.