कुंडीचे आकारमान

कुंडीचे आकारमान म्हणजे कुंडीत मावणाऱ्या मातीचे घनफळ होय. जमिनीतील झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जाऊ शकतात. कुंडीतील झाडाला मात्र दिलेल्या मातीवरच भागवावे लागते. त्यामुळे अंगणात किंवा गच्चीवर उघड्या हवेत झाडे लावताना कुंडीची निवड हा प्रामुख्याने पाण्याचा प्रश्न ठरतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या नांदेड व लातूर या जिल्ह्यांत याचे महत्त्व विशेष आहे.

घनफळ आणि पाणी

बाजारात कुंडी तोंडाच्या व्यासावरून, इंचांत विकली जाते. झाडाला मात्र घनफळ महत्त्वाचे असते. सरळ बाजूंच्या कुंडीचा व्यास व उंची २० सेंमी असल्यास तिच्यात सुमारे ६ लिटर माती मावते, ३० सेंमी असल्यास २१ लिटर आणि ४० सेंमी असल्यास ५० लिटर. तळाशी निमुळत्या कुंडीत माती याहून कमी मावते. दोन्ही मापे दुप्पट झाली की घनफळ आठपट होते, परंतु उन्हाला उघडा असणारा पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणून मोठ्या कुंडीतील माती उशिरा तापते व उशिरा वाळते.

कुंडीतील मिश्रणाच्या साधारण एक-पंचमांश घनफळाइतके पाणी झाडाला उपलब्ध होते, असे धरल्यास २० लिटरच्या कुंडीत ४ लिटर पाणी साठते. रोज दोन लिटर पाणी लागणारे टोमॅटोचे वाढलेले झाड त्यावर दोन दिवस तग धरते. ६ लिटरच्या कुंडीत त्याच झाडाला दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते. मोठी कुंडी झाडाची तहान कमी करत नाही. ती पाण्यातील खंड सोसण्याची मुदत वाढवते.

झाडानुसार निवड

मेथी, कोथिंबीर व पालक यांना १५ ते २० सेंमी खोलीचे पसरट भांडे पुरते. मिरची, वांगी व टोमॅटो यांना १५ ते २० लिटरची कुंडी लागते; १५ किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा या मापाला जवळचा असतो. कढीपत्ता, लिंबू व डाळिंब यांसाठी ५० लिटर किंवा त्याहून मोठे पिंप योग्य ठरते.

लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावणे हितावह नसते. मुळे न पोहोचलेली माती, विशेषतः पावसाळ्यात, सतत ओली राहून मुळे कुजण्याचा संभव असतो. मुळे कुंडीच्या कडेने गोल फिरू लागली की रोप पुढच्या मापाच्या कुंडीत हलवतात.

माती, साहित्य आणि भार

मराठवाड्यातील काळी चिकण माती ओली असताना फुगते व वाळताना भेगाळते. कुंडीत तिचा निचरा नीट होत नाही. म्हणून तिच्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळतात. तळाला छिद्रे असणे आवश्यक असते. मातीच्या कुंडीच्या भिंतींतून पाणी झिरपून बाष्पीभवन होते. त्यामुळे मुळे थंड राहतात, पण पाणी अधिक लागते. काळे प्लास्टिक उन्हात तापते. त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळल्यास ताप कमी होतो.

ओल्या मातीचे वजन लिटरला सुमारे दीड किलो किंवा अधिक असते. ५० लिटरची कुंडी ७५ किलोंच्या पुढे जाते. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकानुसार साधारणतः चौरस मीटरला १५० किलो भार गृहीत धरला जातो. म्हणून जड कुंड्या स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता भिंतीवर किंवा तुळईवर येतील अशा ठेवतात. जुन्या माळवदांवर जड कुंड्या टाळणेच इष्ट असते.

टंचाईच्या काळातील नियोजन

२०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. अशा प्रदेशात कुंड्यांची संख्या पावसाळ्यातील नव्हे, तर मे महिन्यातील पाण्यावरून ठरवणे योग्य असते. भाज्या व धान्य धुतलेले पाणी रोज आठ लिटर उरत असेल, तर त्यावर टोमॅटोची वाढलेली चारच झाडे जगतात. पाणी एक दिवसाआड मिळणार असल्यास ती २० लिटरच्या कुंड्यांत असावी लागतात. मातीवर पाचोळ्याचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन घटते.