रान कोणाच्या नावे?

इ. स. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी जी जमीनमोजणी हाती घेतली आणि जिच्यातून पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारीची घडी बसली, तिच्यामागील तत्त्व आजही विचारात घेण्याजोगे आहे. प्रत्येक नंबराची प्रतवारी करून त्याचा सारा तीस वर्षांपुरता कायम करावयाचा, तो भरला जाईल तोवर रयतेला जमिनीवरून उठवावयाचे नाही, आणि मुदतीत कोणी पदरमोड करून विहीर पाडली तर तेवढ्यासाठी सारा चढवावयाचा नाही, असे ते धोरण होते. ज्याला पुढच्या साली हेच शेत आपल्याकडे राहील याची शाश्वती नाही, तो ताली घालीत नाही, खत टाकीत नाही, विहिरीचा तर विचारही करीत नाही, हे मर्म त्या अधिकाऱ्यांना पुरते उमगले होते.

परंतु शाश्वतीबरोबर याच व्यवस्थेने शेताला आणखी एक गुण दिला. ते निर्वेधपणे गहाण पडू लागले आणि विकले जाऊ लागले. अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले, फेरआकारणीने सारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे रयतेने सावकारांवर चाल करून त्यांच्याजवळचे कर्जरोखे आगीत घातले. कुळाला जमिनीत जीव ओतावयास लावणारा हक्क आणि तीच जमीन त्याच्या हातून काढून नेणारा हक्क एकाच दस्तऐवजात नांदत होते, आणि १८७९ च्या कर्जनिवारणाच्या कायद्याने केलेली मलमपट्टी ही गाठ सोडवू शकली नाही.

रानाच्या बाबतीत कारभार नेमका उलट्या दिशेने गेला. १८७८ च्या कायद्याने वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले खरे. पण ग्रामवनाचे प्रकरण बहुतांशी कागदावरच राहिले आणि उरलेल्या रानाचे धनीपण सरकारकडे गेले. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील जमीनदारी मुलखात जळण, गवत, चराई आणि घराचे लाकूड यांसाठी रानात जाण्याची रयतेची वहिवाट होती; तिला तिकडे निस्तार म्हणत. १९५१ साली जमीनदाऱ्या खालसा झाल्या, तरी या वहिवाटीची नोंद निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात ठेवण्याची तरतूद महाराष्ट्राच्या १९६६ च्या महसूल संहितेतही आढळते. मात्र अंमलदारांच्या लेखी ती सवलत होती, आणि जी सवलत एका हुकमाने बंद होऊ शकते तिच्यासाठी रात्री उठून वणवा विझवावयास कोणी का जावे?

२००६ च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व मला वाटते ते या ठिकाणी. त्याने दिलेला हक्क वारसाकडे जातो, पण विकता येत नाही. म्हणजे इंदापुरात जी शाश्वती मिळाली ती येथे आहे, आणि तिच्याबरोबर आलेली सावकाराची वाट मात्र बुजविली आहे. शिवाय व्यक्तीच्या कसणुकीखालील जमिनीपलीकडे जाऊन, गावाने परंपरेने राखलेल्या व वापरलेल्या साऱ्या रानाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार हा कायदा ग्रामसभेस देतो.

असा अधिकार देशात प्रथम मिळविणाऱ्या गावांपैकी एक म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण तत्पूर्वी कित्येक वर्षे देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती अभ्यासगट चालवीत होते, आणि एकाचाही विरोध असेतोवर निर्णय करावयाचा नाही ही शिस्त गावाने लावून घेतली होती. कागद मिळाल्यावरही बांबूवरून तंटा उभा राहिलाच. १९२७ चा वन कायदा बांबूला वृक्ष मानी, तर वनहक्क कायदा त्यास गौण वनोपज म्हणे. तेव्हा तोडा, पण वाहतुकीचा परवाना मिळणार नाही, अशी विलक्षण स्थिती झाली. (खरीददाराच्या दारापर्यंत जो माल नेता येत नाही, त्याची मालकी कसल्या कामाची, हे सांगावयास कायदेपंडित नको.) अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली केले.

बांबूच्या बेटाची रीत अशी, की पावसाळ्यात नवे कोंब बाहेरच्या कडेने फुटतात आणि जून काठ्या आत दाटीत उभ्या राहतात. बेट जगवावयाचे तर कोवळ्या काठ्या राखून, आत शिरून, जून काठी जमिनीलगत कापावी लागते, आणि हे काम वेळखाऊ व कष्टाचे असते. बंडलामागे मजुरी घेणारा परगावचा मजूर कडेची हाताशी येणारी काठी तोडून पुढे जातो. यात त्याचा दोष तो किती? ज्याला तीन वर्षांनी त्याच बेटाकडे परतावयाचे आहे, तोच आत शिरतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरांवर हक्क मिळविल्यानंतर तर तेंदूपानाचे हुकमी उत्पन्नच सोडून दिले, कारण चांगले पान यावे म्हणून झाडे छाटली जात आणि आग लावली जात असे. सरकारी बंदीहुकमाने हे साधले असते असे मला वाटत नाही. अर्थात हक्क मिळालेले प्रत्येक गाव मेंढा किंवा पाचगाव झालेले नाही. ज्यांच्यापाशी एकत्र बसण्याची सवय नव्हती, तेथे कंत्राटदाराने ग्रामसभेच्या शिक्क्याशीच सलगी केली.

मेंढ्याने पुढे रानाचा न्याय शेतालाही लावला. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार २०१३ साली गावाने शेतजमिनीची मालकी गावाकडे सोपविण्याचे ठरविले. विनोबांच्या योजनेप्रमाणे विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढावयाचा. बाकीची जमीन ज्याची त्याने आणि त्याच्या वारसांनी कसावयाची, मात्र गावाबाहेर विकावयाची नाही. सुप्याच्या रयतेला जे संरक्षण कोणी दिले नाही, ते येथे मालकांनी आपखुशीने स्वीकारले.

राहता राहिले दप्तर. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे मंजूर वनहक्काची नोंद महसूल आणि वन अशा दोन्ही खात्यांच्या अभिलेखांत, फार तर तीन महिन्यांत, झाली पाहिजे, आणि ग्रामसभेचा आराखडा वनखात्याच्या कार्य आयोजनेत सामावला गेला पाहिजे. जेथे ही नोंद झालेली नसते तेथे बदलून आलेला अधिकारी जुना नकाशा उघडतो, त्यावर जुनेच कूप, म्हणजे तोडीचे गट, आखलेले असतात, आणि गावाला आपला पट्टा घेऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून शाबिती करीत बसावे लागते.