कोकमाच्या रंगाला तीनच गुण

अमेरिकेत घरी केलेली बिअर स्पर्धेला पाठवायची तर आधी गुणपत्रिका वाचावी. बहुतेक परीक्षक बीजेसीपी या बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा ५० गुणांचा तक्ता वापरतात : वास १२, रूप ३, चव २०, तोंडाला लागणारा पोत ५, एकूण मत १०. समोरच्या पेल्यात कुणाची बिअर आहे, हे त्यांना कळत नाही. म्हणजे कोकम घालून आलेल्या लालचुटूक रंगावर आपण कितीही भाळलो, तरी रंग, फेस आणि नितळपणा मिळून गुण तीनच. नावीन्याला वेगळा रकानाच नाही.

तरी कोकमाची कल्पना चांगली आहे; जोडीदार मात्र नीट निवडावा. काळ्या, करपूस स्टाउटमध्ये ते वाया जाईल. जर्मनीतल्या गोस्लारची, पुढे लाइपझिगमध्ये रुजलेली गोझे ही गव्हाची आंबट बिअर. तिच्यात मीठ आणि धणे मुळातच असतात. कोकम सरबतात मीठ-जिरं घालणाऱ्यांना ही चव फार परकी वाटणार नाही.

गोझेसाठी गहू आणि बार्लीच्या मॉल्टचा गोड काढा जरासा उकळून ३५-४० अंशांपर्यंत निववतात आणि त्यात लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोडतात. एक-दोन दिवसांत तो आंबट होतो. हॉप्स त्यानंतरच, कारण त्यातली कडू द्रव्यं या जिवाणूंना वाढू देत नाहीत. मग पुन्हा उकळी, धणे, आणि गार झाल्यावर यीस्ट.

खरी कसरत पुढे आहे. कोकमाचा आंबटपणा आधीच्या आंबटपणावर चढतो, आणि आमसुलांना अनेकदा मीठ लावलेलं असतं. त्यामुळे पाककृतीतलं मीठ आधी कमी करावं लागतं. कोकम किती, हे अंदाजाने ठरवू नये. तयार बिअरचे १०० मिलीचे पेले मांडून प्रत्येकात कोकमाचा अर्क मोजून, कमी-जास्त घालावा. २ मिलीचा पेला आवडला, तर १९ लिटरच्या बॅचला ३८० मिली. पण पेला पूर्ण प्यावा. पहिल्या घोटाला भडक पेलाच जिंकतो. फळाखाली मूळची बिअर ओळखू आली पाहिजे, अशी परीक्षकांची अपेक्षा असते.

हे सगळं अमेरिकेतल्या मराठी घरांत शक्य आहे. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तिथे घरगुती बिअरला मोकळीक मिळाली (मिसिसिपी आणि अलाबामात मात्र २०१३ उजाडलं). महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे.

स्पर्धेच्या प्रवेशपत्रात मूळ बिअरचा प्रकार आणि फळ लिहावं लागतं. परीक्षकाने कोकम चाखलेलं असेलच असं नाही. तेव्हा नुसतं नाव न लिहिता ‘आंबट, किंचित तुरट, लाल फळाची वाळवलेली साल’ असं लिहावं.