चोथ्यात अडकलेली साखर

किकवीच्या शिवारातलं उसाचं एक कांडं घ्या, दातांनी सोला आणि करकर चावा. रस गिळलात? चोथा लगेच थुंकू नका, अजून चावा. गोडी संपली ना? पण साखर संपलेली नाही बरं!

चोथा वाळवला, तर त्यातला निम्म्याहून जास्त भाग साखरेचाच निघतो. फक्त तिचे कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. ग्लुकोजचे हजारो कण ओळीनं जोडले की सेल्युलोजचा धागा होतो. भाकरीतही ग्लुकोजच्याच माळा असतात, म्हणून घास खूप वेळ चावला की गोड लागतो. त्या माळांची गाठ आपली लाळ सोडवते. सेल्युलोजची गाठ वेगळी, ती लाळेला सुटत नाही. शिवाय धाग्यांभोवती लिग्निनचा चिवट लेप!

गाय मात्र वाळकी वैरण पचवते. कशी? आधी रवंथ करून ती वैरण बारीक दळते, मग तिच्या पोटातले सूक्ष्मजीव गाठी सोडवतात. शास्त्रज्ञांची रवंथ म्हणजे पूर्वप्रक्रिया. साखर कारखान्यातलं चिपाड बंद भांड्यात घालून जवळजवळ २०० अंशांची वाफ देतात आणि दाब एकदम सोडतात. तव्यावर ज्वारीची लाही फुटते ना, तसंच! आतल्या पाण्याची झटक्यात वाफ होते, तंतू फाटतात, लिग्निनचा लेप सैल होतो.

आता आत शिरतात ट्रायकोडर्मा बुरशीची, सेल्युलोजच्या गाठी सोडवणारी विकरं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू या बुरशीनं कुजवले होते. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच! पुढे शास्त्रज्ञांनी त्याच खादाड बुरशीला कामाला लावलं. शेतकरी शेणखतात ट्रायकोडर्माची पावडर मिसळतात, ती हिच्याच भावंडांची.

सुटलेली साखर यीस्ट खातं आणि इथेनॉल तयार होतं. ते पेट्रोलमध्ये मिसळता येतं. पुण्याच्या प्राज कंपनीनं २०१७ साली दौंड तालुक्यात असा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. तिच्याच तंत्रावर हरियाणातल्या पानिपतला २०२२ मध्ये मोठा कारखाना उभा राहिला. वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढता येईल, एवढा मोठा! आणि पेंढा कुठला? भाताचाच. भोर-वेल्ह्यात भात झोडपून झाला की गुरांसाठी गंजी रचून ठेवतात ना, तसाच.